पडद्यातला बा

चांद्याच्या स्टेशनाबाहेर पिंपळाच्या पारावर बसून मुखरूनं पाचवं भजं तोंडात टाकलं, आणि कागदावरच्या तेलाच्या डागाखालून रतनकिशोर त्याच्याकडे बघताना दिसला. मुखरूला आधी नवल वाटलं नाही. तो चेहरा गेली सात वर्षं तो इतक्या जवळून बघत आला होता, की तो भज्यांच्या कागदात भेटला काय आणि पाण्याच्या घागरीत भेटला काय, सारखंच. त्यानं अंगठ्यानं तेल पुसलं तशी फोटोभोवतीची जाड काळी चौकट उघडी पडली. अशा चौकटीत फोटो कधी छापतात हे कळायला फार शिकावं लागत नाही, आणि मुखरू तर चौथी पास होता. तरी खालच्या ओळी त्यानं पहिलीतल्या पोरासारख्या बोट ठेवून, ओठ हलवत वाचल्या. सुप्रसिद्ध नट रतनकिशोर यांचे मुंबईत निधन. वय बेचाळीस. गेले काही महिने ते आजारी होते आणि अखेरच्या वेळी त्यांच्याजवळ... पुढची ओळ फाटून दुसऱ्या कुणाच्या पुडीत गेली होती. वर कोपऱ्यात तारीख होती. त्यानं ती बोटांच्या पेरांवर मोजली. बावीस दिवस झाले होते.

मनात पहिली आली ती लाज. या बावीस दिवसांत त्यानं मूल गावी सिनेमाचे खेळ केले होते, सावली गावी केले होते, रतनकिशोरला हसवलं होतं, सावकाराशी भांडायला लावलं होतं, विहिरीवरच्या पोरीशी गोड बोलायला लावलं होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडात तो बावीस दिवस शब्द घालत राहिला होता. जाताना तोंडात घालतात ते पाणी त्याच्या तोंडी कुणी घातलं की नाही, ते त्या फाटलेल्या ओळीत असेल किंवा नसेलही. पारावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहून विचारलं, "काय झालं बाप्पा, भजे तिखट लागले का?" मुखरू हो म्हणाला आणि डोळे पुसले. मग कागदाची घडी घालून त्यानं ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, आणि ठेवता ठेवता त्याचा हात खिशाशीच थबकला. या खिशात त्यानं एकदा असाच एक कागद ठेवला होता.

खुशालभाऊंचा सिनेमाचा तंबू धान कापून झालं की निघायचा आणि मृग लागेपर्यंत गावोगाव हिंडायचा. बैलबंडीवर इंजन, मशीन, पडदा, बांबू, आणि सगळ्यात वर मुखरू. आला होता तो दोर ताणायला. मासे धरणाऱ्या ढिवराचा पोर, गाठी मारण्यात हुशार. पण सिनेमा बोलायचा मुंबईच्या हिंदीत आणि बघणारं गाव झाडीतलं, या जंगलपट्टीतलं, तेव्हा पहिल्याच हंगामात एका गावानं बोंब मारली, "अरे, तो काय म्हणून राह्यला ते सांगा ना कोणीतरी." मुखरू दोन वर्षं नागपूरला गिरणीत राबून आला होता, त्याला हिंदी येत होती. खुशालभाऊंनी त्याच्या हातात पत्र्याचा भोंगा दिला आणि पडद्याच्या बाजूला खोक्यावर उभं केलं. तिथून तो उतरलाच नाही. राजा बोलला की मुखरू, राणी बोलली की मुखरू, पोलीस, भटजी, सासू, सगळे मुखरूच. पण रतनकिशोर पडद्यावर आला की तंबूत बायका पदर सावरायच्या आणि मुखरूच्या अंगात निराळंच काही शिरायचं. त्या नटाची एक खोड होती. कोणतंही मनातलं बोलण्याआधी तो जरासा थांबायचा आणि डाव्या हाताची बाही ओढायचा. बाही ओढली की मुखरू श्वास घ्यायचा. दोघांचा श्वास एकदम सुटायचा. मुंबईत त्याच्या घरचे त्याला जेवढं ओळखत नसतील तेवढं हा झाडीतला ढिवर ओळखत होता, असं मुखरूला वाटायचं, आणि असं वाटणं हा वेडेपणा आहे हेही त्याला कळायचं. गेल्या साली आलेल्या सिनेमात ती बाही ओढताना बोटं थरथरत होती. गळ्याची हाडं वर आली होती. नागपूर-मुंबईच्या शहाण्यांना ते दिसलं की नाही कोण जाणे. मुखरूला पहिल्याच खेळाला दिसलं. त्यानं फक्त त्या जागी आपला आवाज थोडा मोठा केला, म्हणजे लोकांचं लक्ष बोटांकडे जाऊ नये.

मढं झाकावं तसं आपण त्याचं दुखणं झाकलं, असं आता पेटी घेऊन बसमध्ये बसल्यावर त्याच्या मनात आलं. नागपूरहून रेल्वेनं आलेली सिनेमाच्या रिळांची पत्र्याची पेटी त्याच्या दोन्ही पायांमध्ये होती. तिच्यावरची चिठ्ठी त्यानं स्टेशनावर सही करताना वाचली होती आणि तेव्हापासून तिच्याकडे बघायचं टाळलं होतं. चार वर्षांपूर्वीचा सिनेमा. टांगेवाल्याचा. शेवटी टांगेवाला आईच्या मांडीवर डोकं ठेवून मरतो तो. हा खुशालभाऊंनी मुद्दाम मागवला असणार. म्हणजे त्यांना माहीत होतं. मेलेल्या माणसाला बघायला गर्दी होते, मग तो मेला हे गर्दीला ठाऊक असो वा नसो.

मुखरूच्या तंबूत मात्र गेल्या चार वर्षांत रतनकिशोर एकदाही मेला नव्हता. गोळी लागली, तरी मुखरू सांगायचा, "जखम मोठी नाई, वैद येऊन राह्यला." पुरात वाहून गेला, तर सांगायचा, "खालच्या गावच्या ढिवराइनं काढला, आता शुद्धीवर येईल." मग पडद्यावर बाकीचे रडत असले तरी मुखरू त्यांना आनंदानं रडवायचा. सगळ्या झाडीत ही गोष्ट पक्की होती, की रतनकिशोर मरत नाही. घराशेजारच्या शकुबाईला तर त्याचं इतकं होतं की तंबू गावात असला म्हणजे प्रत्येक खेळाला ती मध्येच ओरडायची, "मुखरू, वाचला ना रे?" एकदा गावातला लटारू नागपूरला तोच सिनेमा पाहून आला आणि म्हणाला, तिथं तर मेला. शकुबाईनं त्याला उभा सोलला. "तुमच्या नागपूरचे डॉक्टर तसेच असतीन. आमच्या इथी वाचते तो." लोक हसले. खोक्यावरून उतरताना मुखरूही हसला होता. पण हे त्यानं का सुरू केलं, आणि कोणत्या दिवशी, हे त्याला एकदाही कुणी विचारलं नाही. कुंता, त्याची बायको, विचारू शकली असती. ती चार वर्षांत तंबूत आली नव्हती.

वैनगंगेला बस थांबली. पेटी खांद्यावर घेऊन तो डोंग्यात बसला. पाणी आटून हिरवं झालं होतं आणि तळाचे दगड दिसत होते. बुधरीला पहिल्यांदा पलीकडे नेलं ते याच नदीवरून, तेव्हा ती तीन वर्षांची होती आणि सारखी डोंग्याबाहेर वाकायची. मुलगी एकुलती एक, बुधवारी झाली म्हणून बुधरी. तिला तंबूत नेलं की ती बायकांच्या बाजूला आईच्या मांडीवर बसायची आणि एकदा खोक्यावरच्या बापाकडे, एकदा पडद्याकडे बघायची. ओठ तिकडे हलतात आणि आवाज इकडून येतो, याचा तिनं आपला आपण निकाल लावून टाकला होता. तिला दोन बा होते. एक घरचा, तो जाळं विणतो आणि अंगाला मासळीचा वास येतो. दुसरा पडद्यातला, तो मोठा असतो, गोरा असतो, पण बोलतो घरच्या बासारखाच. घरी मुखरू रागावला की ती म्हणायची, "पडद्यातला बा रागावत नाई." आणि मुखरूनं, भल्या माणसानं, ते कधी खोडलं नाही. उलट तिला झोपवताना डावी बाही ओढायचा, थांबायचा, आणि मग बोलायचा. ती खुदकन हसायची. आपण तिला फसवतो असं तेव्हा त्याला वाटलं नाही. उलट आपण दोन माणसांएवढे आहोत असं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी तंबू सिरोंच्याला होता, तिथं चिठ्ठी आली ती दुपारी, बसच्या ड्रायव्हरच्या हाती. गावच्या गुरुजींचं अक्षर. बुधरीचा ताप उतरत नाही, निघून यावे. खुशालभाऊ म्हणाले, "जा बाबा, बस उभीच हाये." तेव्हा इथं दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. मुखरूच म्हणाला, उद्या सकाळी जातो. झाडीत ताप कोणत्या पोराला येत नाही? येतो आणि जातो. हे तो खुशालभाऊंना म्हणाला आणि स्वतःलाही म्हणाला, पण खरं सांगायचं तर त्याला तो खेळ सोडवला नाही. टांगेवाल्याचा सिनेमा नवा होता, पहिलाच दिवस होता, गोदावरीपलीकडून माणसं नावा करून आली होती आणि बाजारात पोरं त्याच्याकडे बोट दाखवून त्याचं नाव सांगत होती. त्यानं चिठ्ठी वरच्या खिशात ठेवली. दिवे लागले, खेळ लागला. सिरोंच्याला लोक तेलुगू बोलायचे, म्हणून तिथं तो मोडक्या तेलुगूत सांगायचा. शेवटी टांगेवाल्याचं डोकं आईच्या मांडीवर आलं, त्यानं बाही ओढली, डोळे मिटले, आणि मुखरूच्या खिशातला कागद कडक झाला. जीभ पुढे जाईना. तंबू वाट बघत होता. मग भोंग्यातून त्याचा आवाज आला, "चावलेदु. पडुकुन्नाडु." मेला नाही, झोपलाय. आपल्या भाषेत ते खोटं त्याला त्या पहिल्या वेळी जमलं नसतं. परक्या भाषेत सहज निघून गेलं. तंबूभर माणसांनी निःश्वास सोडला. मुखरूला वाटलं आपण देवाच्या झाडाला धागा बांधला. आता तिचाही ताप उतरणार. त्या दिवशी तो जेवून गाढ झोपला, आणि हे गाढ झोपणं त्यानं स्वतःला कधी माफ केलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो घरी पोचला तेव्हा तलावाच्या पाळीमागे मातीचा ओला उंचवटा होता आणि त्यावर बोरीच्या काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. कुंतानं त्याला एकदाच सांगितलं, चुलीकडे बघत. "बा आला का, म्हणे. सारखं तेच. मी म्हटलं येऊन राह्यले. तर म्हणते, आपला का पडद्यातला? मी म्हटलं, दोघं बी. दिवे लागेपर्यंत विचारलं तिनं." दिवे लागेपर्यंत. म्हणजे त्याच संध्याकाळी, तो खेळाआधी भोंगा पुसत होता तेव्हा. चिठ्ठी मिळताक्षणी निघाला असता तरी तो पोचला नसता. अंतर, बस, नद्या, सगळं त्यानं शंभरदा मांडून पाहिलं होतं. मांडणी बरोबर यायची आणि काही उपयोग व्हायचा नाही.

यानंतर त्याच्या तोंडून 'मेली' हा शब्द गेला तो गेलाच. बुधरी होती तेव्हा, असं म्हणायचा. त्या वेळचं, असं म्हणायचा. पुढच्या साली हिवतापाचे फवारेवाले आले. त्यांच्यातल्या एकानं दारात उभं राहून विचारलं, घरात माणसं किती? मुखरू म्हणाला, तीन. तो म्हणाला, तिसरं कुठी हाये? मुखरू म्हणाला, मामाच्या गावाले गेली. कुंता आत तांदूळ निवडत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं. फवारेवाला गेरूनं भिंतीवर तीनचा आकडा काढून गेला. दर सणाला कुंता घर सारवायची, भिंती पांढऱ्या करायची, पण तेवढ्या आकड्याला वळसा घालून. ती त्याच्याशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त कमी बोलू लागली, आणि घरात जे एक वाक्य बोलायचं राहिलं होतं त्याच्या दोन बाजूंना दोघं चार वर्षं जेवत आले.

आणि आता तंबू मुखरूच्याच गावी होता, तलावाच्या काठी. खुशालभाऊ इंजनात तेल ओतत होते. मुखरूनं पेटी खाली ठेवली आणि घडी उलगडून त्यांच्यापुढे धरली.

"तुमाले माहीत होतं, भाऊ?"

"रेडिओवर ऐकलं होतं," खुशालभाऊ त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय केलं असतं तू? रडला असता, अन् खेळ बसला असता. तुह्या तोंडून तो जित्ता होता, म्हटलं राहू दे." त्यांनी डबा खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. "आज बी तसंच सांग. वाचला म्हून सांग. लोकाइले त्याची सवय झाली हाये. मले बी झाली हाये."

मुखरू घरी गेला. कुंता अंगणात जाळ्याची फाटलेली घरं सांधत होती. त्यानं कागद तिच्यापुढे जमिनीवर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण चेहरा ओळखता येत होता आणि चौकटही. बराच वेळ तिनं कागदाला हात लावला नाही. मग एक बोट रतनकिशोरच्या गालावर ठेवलं, लेकराच्या गालाला लावतात तसं.

"कधी?"

"बावीस दिस झाले."

"कोण होतं जवळ?"

"तेवढाच कागद फाटला हाये."

तिनं मान हलवली. जाळ्याची गाठ पुरी केली, दातानं धागा तोडला. "टांगेवाल्याचाच खेळ हाये ना आज? शकुबाई सांगत होती." मुखरू हो म्हणाला. "काय सांगान मंग आज तुमी लोकाइले?"

तिनं वर बघितलं. चार वर्षांत तिनं त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. तिच्या बघण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला ते सोसवेना. "मी बी येईन," ती म्हणाली.

अंधार पडता पडता तंबू भरला. बायकांच्या बाजूला शकुबाईशेजारी कुंता बसली होती, मांडी घालून, आणि मांडीवर दोन्ही हात रिकामे. मुखरूनं एकदा पाहिलं आणि पुन्हा तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. खेळ सुरू झाला. टांगा आला, घोडा आला, रतनकिशोर आला. किती धडधाकट होता तेव्हा. बाही ओढली, मुखरूनं श्वास घेतला, दोघांचा एकदम सुटला. लोक हसले, लोक चिडले, शकुबाईनं खलनायकाला शिव्या दिल्या. मुखरू सांगत होता आणि सांगता सांगता त्याला कळत होतं, की आपण आज पहिल्यांदा एकटे आहोत. आतापर्यंत ओठ त्याचे होते आणि आवाज माझा. आता दोन्ही माझ्यावर टाकून तो निघून गेला. ज्याचं दुखणं मी झाकलं, ज्याच्या आडोशाला मी उभा राहिलो, तोही कुणाची तरी वाट बघत गेला असेल, आणि मी इकडे सावलीला त्याच्या तोंडून सांगत असेन, वैद येऊन राह्यला, वैद येऊन राह्यला.

टांगेवाल्याचं डोकं आईच्या मांडीवर आलं. बाही ओढली गेली. डोळे मिटले. शकुबाई सवयीनं ओरडली, "मुखरू, वाचला ना रे?"

मुखरूनं भोंगा तोंडाला लावला. "नाई," तो म्हणाला. "मेला."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. इंजनाजवळून खुशालभाऊ दोन पावलं पुढे आले आणि तिथेच उभे राहिले. मुखरूला आता थांबता येईना. भोंग्यातून येणारा आवाज त्याला स्वतःलाच अनोळखी वाटत होता. चार वर्षांत त्यातून तो कधी असं खरं बोललाच नव्हता. "मेला तो. वैद आला नाई. मुंबईले बावीस दिसाआधी मेला, मी तुमाले खोटं सांगून राह्यलो होतो. ताप उतरला नाई. दिवे लागाची वेळ होती. बा आला का, म्हणून तिनं विचारलं. सारखं विचारलं. मायनं सांगितलं, येऊन राह्यले. बा येऊन नव्हता राह्यला. बाच्या खिशात चिठ्ठी होती. बस उभी होती. बा भोंगा पुसून राह्यला होता. बुधरी मेली. माही बुधरी मेली."

हे गाव त्याचंच होतं. तलावाच्या पाळीमागचा उंचवटा सगळ्यांनी पाहिला होता. 'तो'ची 'ती' कुठं झाली हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पडद्यावर माणसं जमत होती, ओठ हलवत होती, आणि मुखरूच्या हातातला भोंगा खाली गेला होता.

तेव्हा बायकांच्या बाजूनं आवाज आला. कुंता उभी राहिली होती. पडद्याचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर होता. एवढ्या लोकांत नवऱ्याशी मोठ्यानं बोलायची रीत नव्हती; ती त्याच्याशी न बोलता सगळ्या तंबूला सांगावं तसं बोलली.

"नाई. विचारलं नाई तिनं," ती म्हणाली. "कोणालेच विचारलं नाई. निजून होती पोरगी. निजल्या निजल्याच गेली."

तिचा आवाज 'निजून'पाशी किंचित मोठा झाला, जसा मुखरूचा त्या थरथरत्या बोटांपाशी व्हायचा. खोटं कसं सांगतात हे त्या तंबूत त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं ते ओळखलं, आणि त्यानं ओळखलं हे तिनं पाहिलं, आणि ती तशीच उभी राहिली, शब्द परत न घेता. मुखरू खोक्यावर खाली बसला आणि चार वर्षांचं रडला, आवाज न आवरता, लहान मुलासारखा. शकुबाईनं कुंताला हाताला धरून खाली बसवलं. मशीनवाल्यानं खेळ बंद केला नाही, कारण त्याला कुणी सांगितलं नाही. पडद्यावर रतनकिशोरची आई त्याच्या केसांवरून हात फिरवत काहीतरी म्हणत होती. काय म्हणते ते त्या दिवशी कुणालाच कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.